मूत्रपिंडें व रक्तांतील कोलेस्टेरॉल

मनुष्याच्या देहांत कांहीं इंद्रियें अशीं आहेत कीं, त्यांचें अस्तित्व आपणांस क्षणोक्षणीं जाणवतें. हृदय धडधडतें, पोट भुकेनें कळवळतें, डोळा दुखूं लागला तर सारें लक्ष त्याच्याकडेच वेधतें. मूत्रपिंडांची गोष्ट निराळी. पाठीच्या कण्याच्या दोन्ही बाजूंस, शेवटच्या बरगड्यांच्या आडोशाला, घेवड्याच्या दाण्यासारख्या आकाराचीं हीं दोन पिंडें जन्मभर निमूटपणें काम करीत असतात, आणि त्यांची निम्मी शक्ति नाहींशी झाली तरी मालकाला बहुधा पत्ता नसतो.

ह्या मूक इंद्रियाचा रक्तांतील एका मेदाशीं, म्हणजे कोलेस्टेरॉलशीं, असलेला संबंध हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे. आजकाल पुष्कळ घरांतील वडीलधारी मंडळी वर्षांतून एकदां रक्त तपासून घेतात. प्रयोगशाळेंतून जो कागद येतो त्यावर एका ठिकाणीं कोलेस्टेरॉलचे आंकडे असतात व दुसऱ्या ठिकाणीं क्रिॲटिनिनचा. कोलेस्टेरॉलचा आंकडा वाढलेला दिसला कीं घरांत लागलीच तुपाच्या बरणीवर पहारा बसतो. क्रिॲटिनिनच्या आंकड्याकडे, तो छापील मर्यादेंत आहे एवढें पाहून, कोणी पुन्हां बघत नाहीं. पहिला आंकडा हृदयाचा व दुसरा मूत्रपिंडांचा, अशी वाटणी आपण मनाशीं करून ठेवलेली असते. परंतु जो मनुष्य धडधाकट आहे, ज्याला कसलाहि रोग ठाऊक नाहीं, त्याच्या शरीरांत ह्या दोन आंकड्यांचा परस्परांशीं कांहीं संबंध असतो काय? आणि असल्यास कोण कोणाला ओढतो? हा प्रश्न दिसतो तितका सोपा नाहीं. तो सोडवितांना शास्त्रज्ञांना कोणकोणत्या वळणांनीं जावें लागलें, हें विद्यार्थ्यांनीं पाहण्यासारखें आहे.

प्रथम मूत्रपिंडांचें काम समजून घेऊं. प्रत्येक मूत्रपिंड सुमारे १० ते १२ सेंटिमीटर लांब व १५० ग्रॅमच्या आसपास वजनाचें असतें. इतकीं लहान असूनहि, हृदयांतून दर मिनिटाला बाहेर पडणाऱ्या रक्ताचा सुमारें पांचवा हिस्सा, म्हणजे एक लिटर किंवा थोडें अधिक रक्त, ह्या दोन पिंडांकडे जातें. प्रत्येकांत सरासरी दहा लाख सूक्ष्म गाळण्या असतात. गाळणी म्हणजे केसाहूनहि बारीक अशा रक्तवाहिन्यांचा एक झुबका व त्याला जोडलेली लांब नागमोडी नळी. रक्ताच्या दाबानें पाणी व त्यांत विरघळलेले लहान कण झुबक्याच्या भिंतींतून नळींत उतरतात. रक्तपेशी व प्रथिनांचे मोठे कण मागें राहतात. निरोगी तरुण मनुष्याच्या मूत्रपिंडांत अशा रीतीनें दर मिनिटाला सुमारें १२५ मिलिलिटर द्रव गाळला जातो. १२५ ला ६० नें व मग २४ नें गुणून पाहा. दिवसाचे १८० लिटर होतात! शरीरांतील रक्तद्रव सारा मिळून तीन लिटरच भरतो, म्हणजे तोच द्रव दिवसांतून साठ वेळां गाळणींतून जातो. लघवी मात्र दीड-दोन लिटरच होते, कारण उरलेलें पाणी, बहुतेक मीठ व सर्व साखर ती नागमोडी नळी परत शोषून घेते. एखाद्या गृहिणीनें घरांतील सगळे डबे रोज साठ वेळां रिकामे करावे, त्यांतील केर निवडून टाकावा आणि चांगला जिन्नस पुन्हां जागच्या जागीं भरून ठेवावा, तसा हा व्यवहार आहे.

ह्या गाळण्यांचा वेग प्रत्यक्ष मोजणें कष्टाचें असल्यामुळें डॉक्टर एक आडवाट वापरतात. आपल्या स्नायूंत रोज ठराविक प्रमाणांत क्रिॲटिनिन नांवाचें टाकाऊ द्रव्य तयार होतें व तें जवळजवळ सर्व मूत्रपिंडांतूनच बाहेर जातें. गाळण्या मंदावल्या कीं तें रक्तांत सांचूं लागतें. पण ह्या मापांत एक फसवणूक आहे, आणि ती बीजगणित शिकणाऱ्या मुलांना त्यांच्या वडिलांपेक्षां लवकर उमजेल. गाळण्याचा वेग व रक्तांतील क्रिॲटिनिन ह्यांचा गुणाकार साधारणपणें स्थिर राहतो. एक निम्मा झाला तर दुसरें दुप्पट होतें. समजा, एका गृहस्थाचें क्रिॲटिनिन तरुणपणीं दर डेसिलिटरला ०.६ मिलिग्रॅम होतें. पुढें त्यांच्या गाळण्यांचा वेग निम्म्यावर आला. आतां आंकडा १.२ होईल, आणि पुष्कळ प्रयोगशाळांच्या कागदावर १.२ ही निरोगी पुरुषाच्या मर्यादेंतीलच संख्या असते. अर्धें भांडवल बुडालें तरी खातेवहींत कांहींच बिघडलेलें दिसत नाहीं! शिवाय तालमींत मेहनत करणाऱ्या पैलवानाचे स्नायू भरदार, म्हणून त्याचा आंकडा मुळांतच मोठा. आणि सत्तर वर्षांच्या कृश आजीबाईंचा लहान. म्हणून आतां वय व स्त्रीपुरुषभेद लक्षांत घेऊन त्या आंकड्यावरून गाळण्याचा वेग गणितानें काढतात. हा वेग तीन महिने किंवा अधिक काळ ६० च्या खालीं राहिला तर मूत्रपिंडांना जुनाट विकार जडला असें समजतात. ही बीजगणिताची फसवणूक वाचकांनीं ध्यानांत ठेवावी. पुढें तिचें काम पडणार आहे.

आतां कोलेस्टेरॉल. ह्या नांवाची दहशत इतकी झाली आहे कीं, तें एखादें विष आहे असें लहान मुलांना वाटावें. वस्तुतः त्यावांचून आपली एकहि पेशी टिकणार नाहीं. पेशींचें आवरण, पित्तांतील पाचक क्षार, ड जीवनसत्त्व व कित्येक संप्रेरकें ह्या सर्वांना तें लागतें. अठराव्या शतकांत पित्ताशयांतील खड्यांत हा पदार्थ सांपडला, व १८१५ च्या सुमारास शेव्ह्रेल ह्या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञानें ग्रीक भाषेंतील ‘पित्त’ व ‘घन’ ह्या अर्थाच्या दोन शब्दांवरून त्याला नांव दिलें. (मेदांच्या अभ्यासाबद्दल प्रसिद्ध असलेला हा गृहस्थ १०२ वर्षें जगला, हें जातां जातां सांगून ठेवतों.) आपल्या शरीरांतील कोलेस्टेरॉलचा मोठा भाग अन्नांतून येत नाहीं, तो यकृतांत व इतर पेशींतच तयार होतो. बरणीवर पहारा बसवूनहि पुष्कळांचा आंकडा फारसा हलत नाहीं, त्याचें कारण हेंच.

मेद पाण्यांत विरघळत नाहीं, आणि रक्तद्रव म्हणजे बहुतेक पाणीच. म्हणून यकृत मेदाचीं लहान लहान गांठोडीं बांधून, त्यांवर प्रथिनांचें वेष्टण घालून तीं रक्तांत सोडतें. त्यांपैकीं एलडीएल नांवाचीं गांठोडीं कोलेस्टेरॉल शरीरभर पोंचवितात. तीं फार झालीं म्हणजे धमन्यांच्या भिंतींत शिरून बसतात. एचडीएल नांवाचीं दुसरीं गांठोडीं पेशींतील जादा कोलेस्टेरॉल उचलून यकृताकडे परत आणण्याच्या कामीं पडतात. ह्यांखेरीज ट्रायग्लिसराइड म्हणून आणखी एक मेद रक्तांत फिरत असतो. तेल-तूप आणि जरुरीपेक्षां जास्त खाल्लेली साखर व पिष्ट पदार्थ ह्यांचें तें चालतें भांडवल होय. एकूण कोलेस्टेरॉल दर डेसिलिटरला २०० मिलिग्रॅमच्या आंत असावें व २४० किंवा अधिक झाल्यास तें वाढलेलें समजावें, असा सामान्य दंडक आहे.

मूत्रपिंडें व मेद ह्यांचा संबंध प्रथम ध्यानांत आला तो निरोगी माणसांत नव्हे. लंडनच्या गायज् हॉस्पिटलांत रिचर्ड ब्राइट नांवाचे एक डॉक्टर होते. अंगावर सूज आलेले रोगी त्यांच्याकडे पुष्कळ येत. अशा रोग्याची लघवी चमच्यांत घेऊन मेणबत्तीच्या ज्योतीवर तापविली, तर पुष्कळदां तिच्यांत उकडलेल्या अंड्याच्या पांढऱ्या भागासारखा साका धरतो. आणि तो रोगी दगावल्यावर शवविच्छेदन केलें असतां त्याचीं मूत्रपिंडें बिघडलेलीं आढळतात, असें त्यांनीं १८२७ सालीं प्रसिद्ध केलेल्या ग्रंथांत दाखवून दिलें. आपल्या शाळेच्या प्रयोगशाळेंत उपकरणें कमी आहेत अशी ज्यांची तक्रार असते, त्यांनीं हा चमचा व ही मेणबत्ती आठवावी. ह्याच रोग्यांचें रक्त काढून ठेवलें असतां वरचा द्रव कधीं कधीं दुधासारखा दिसतो, हेंहि त्या काळच्या वैद्यांच्या नजरेंतून सुटलें नव्हतें. तें दूध म्हणजे मेद होता.

ह्याचा उलगडा पुढें झाला तो असा. गाळणीचीं छिद्रें रोगामुळें सैल झालीं कीं रक्तांतील आल्ब्युमिन नांवाचें प्रथिन लघवीवाटे वाहून जातें. रक्त पातळ होऊं लागतें, पाणी वाहिन्यांबाहेर झिरपतें व सूज येते. ही तूट भरून काढण्यासाठीं यकृत झपाट्यानें प्रथिनें बनवूं लागतें, आणि त्या घाईंत मेदाचीं गांठोडींहि नेहमीपेक्षां अधिक बांधतें. शिवाय तीं रक्तांतून उचलून नेण्याचें काम मंदावलेलें असतें. परिणामीं कोलेस्टेरॉल ३०० च्या, कधीं ४०० च्याहि वर जातें. हा विकार लहान मुलांतहि आढळतो, म्हणून आईबापांनीं त्याचीं चिन्हें ओळखून ठेवावीं: सकाळीं उठल्यावर डोळ्यांभोंवतीं सूज, आणि लघवीवर न जिरणारा फेस. वेळेवर औषध मिळाल्यास बहुतेक मुलें बरीं होतात, आणि प्रथिनाची गळती थांबली कीं कोलेस्टेरॉलहि आपोआप खालीं येतें. येथें कोणाचा दोष व कोणाचा परिणाम ह्याबद्दल शंका नाहीं. मूत्रपिंड आधीं बिघडलें, कोलेस्टेरॉल मागाहून वाढलें.

पण उलट दिशेनेंहि असें घडत असेल काय? रक्तांतील जादा मेदच गाळण्यांना इजा करीत असेल काय? लंडनचे मूरहेड व त्यांचे सहकारी ह्यांनीं १९८२ सालीं हा विचार स्पष्टपणें मांडला. धमनीच्या भिंतींत मेद शिरून ती जशी जाड व ताठर होते, तसेंच गाळणीच्या झुबक्यांतहि होत असावें, असें त्यांचें म्हणणें. ह्याला आधार नव्हता असें नाहीं. झुबक्यांतील केशवाहिन्यांना टेकू देणाऱ्या ज्या पेशी असतात, त्या धमनीच्या भिंतींतील स्नायुपेशींच्या नातलग आहेत; त्या एलडीएल गिळतात, मेदानें फुगतात, भोंवतीं दाह उत्पन्न होतो व शेवटीं तेथें नुसता वण उरतो. प्रयोगशाळेंतील उंदरांना कोलेस्टेरॉलयुक्त अन्न खाऊं घालून असा बिघाड पाहण्यांत आला आहे. परंतु उंदराच्या पिंजऱ्यांतून निरोगी मनुष्याच्या घरांत एकदम उडी मारतां येत नाहीं. त्यासाठीं शेंकडों निरोगी माणसें घेऊन वर्षानुवर्षें त्यांच्याकडे पाहत बसणें हाच मार्ग.

योगायोग असा कीं, त्याच १९८२ सालीं अमेरिकेंत २२,०७१ पुरुष डॉक्टरांचा एक मोठा अभ्यास चालू झाला होता. ॲस्पिरिन घेतल्यानें हृदयविकार टळतो काय, हा त्याचा मूळ हेतु. मूत्रपिंडांचा प्रश्न त्यांत नव्हताच. सर्व डॉक्टर चाळीस वर्षांवरील व प्रकृतीनें चांगले असे होते. त्यांपैकीं पुष्कळांनीं आरंभीं रक्ताचा नमुना दिला होता, व १९९६ सालीं पुन्हां दिला. ज्यांचें क्रिॲटिनिन प्रारंभीं ठीक होतें अशा ४,४८३ जणांचे दोन्ही वेळचे आंकडे पुढें शेजारीं शेजारीं मांडून पाहण्यांत आले, आणि त्याचा निष्कर्ष २००३ सालीं प्रसिद्ध झाला. चौदा वर्षांत १३४ जणांचें क्रिॲटिनिन १.५ किंवा त्याहून अधिक झालें होतें, म्हणजे शंभरांतून तिघांचें. ज्यांचें एकूण कोलेस्टेरॉल आरंभींच २४० किंवा अधिक होतें, त्यांच्यांत हा धोका, वय व इतर कित्येक गोष्टींचा फरक हिशेबांत धरूनहि, १.७७ पट आढळला. ज्यांचें एचडीएल ४० च्या खालीं होतें त्यांच्यांत तर तो दुपटीहून अधिक होता.

आतां हे ‘पट’ ऐकून घाबरण्यापूर्वीं पाटी-पेन्सिल घ्यावी. समजा, कमी कोलेस्टेरॉल असलेल्या शंभर पुरुषांपैकीं दोघांचीं मूत्रपिंडें चौदा वर्षांत मंदावतात; मग अधिक कोलेस्टेरॉल असलेल्या शंभरांपैकीं साडेतीन जणांचीं मंदावतील. बाकीचे साडेशहाण्णव दोन्ही आंकडे शाबूत ठेवून हिंडत राहतील! वर्तमानपत्रांतून व औषधांच्या जाहिरातींतून ‘धोका जवळजवळ दुप्पट’ असे जे मथळे येतात, ते वाचतांना ‘कशाच्या दुप्पट?’ हा प्रश्न विचारण्याची संवय मुलांना लागली, तर आम्ही शिक्षक लोक धन्य होऊं.

शिवाय हे सर्व एकाच धंद्यांतील व बहुतेक गोऱ्या वर्णाचे पुरुष होते. अमेरिकेंतच १९८७ च्या सुमारास सुरू झालेल्या दुसऱ्या एका अभ्यासांत चार निरनिराळ्या ठिकाणच्या स्त्रिया व पुरुष, गोरे व काळे, असे सर्व होते. त्यांतील १२,७२८ जणांच्या मूत्रपिंडांकडे सुमारें तीन वर्षें पाहिल्यावर २००० सालीं जें हातीं आलें, तें मजेदार आहे. ज्यांचें ट्रायग्लिसराइड अधिक व एचडीएल कमी, त्यांचें क्रिॲटिनिन पुढें वाढण्याचा संभव जास्त ठरला. पण ज्या एलडीएलची सर्वांत अधिक बदनामी, त्याचा मूत्रपिंडांशीं संबंध दिसून आला नाहीं. म्हणजे दोन्ही अभ्यास एचडीएलविषयीं एकमतानें बोलतात, आणि कोलेस्टेरॉलच्या बाकीच्या आंकड्यांविषयीं निरनिराळें.

येथें विद्यार्थ्यांनीं सावध व्हावें. दोन गोष्टी एकत्र दिसल्या म्हणजे एक दुसरीचें कारण होते असें नाहीं. कावळा बसायला आणि फांदी तुटायला गांठ पडते. आणि कधीं कधीं फांदी आधींच मोडकळीस आलेली असते, म्हणून कावळा बसतांच ती तुटते. निरोगी माणसांतील ह्या संबंधाचा अर्थ तीन प्रकारांनीं लावतां येईल.

मेदच गाळण्यांना इजा करतो, हा पहिला अर्थ. त्याच्या बाजूनें सर्वांत बोलका पुरावा नॉर्वे देशांतून आला. तेथें १९६७ सालीं नोरुम व योने ह्या दोन डॉक्टरांनीं एका विलक्षण आनुवंशिक विकाराची माहिती प्रसिद्ध केली. कोलेस्टेरॉल एचडीएलच्या गांठोड्यांत नीट बांधून ठेवण्यासाठीं जें पाचकद्रव्य लागतें, तेंच ह्या रोग्यांच्या रक्तांत जन्मतः नसतें. त्यांचें एचडीएल अत्यंत कमी असतें, डोळ्यांच्या बुबुळावर धूसर छटा येते, लघवींतून प्रथिनें जातात, आणि मध्यम वयांत पुष्कळांचीं मूत्रपिंडें निकामी होतात. तीं सूक्ष्मदर्शकाखालीं पाहिलीं तर मेदानें भरलेलीं दिसतात. येथें बिघाड सुरू होतो तो मेदांत, आणि बळी पडतें मूत्रपिंड. परंतु ह्याच न्यायालयांत उलट बाजूचा साक्षीदारहि हजर आहे. दुसऱ्या एका आनुवंशिक विकारांत एलडीएल उचलून घेणारी पेशींवरील यंत्रणा अधू असते. (ही यंत्रणा शोधून काढल्याबद्दल ब्राउन व गोल्डस्टाइन ह्यांना १९८५ सालीं नोबेल पारितोषिक मिळालें.) अशा माणसांचें कोलेस्टेरॉल जन्मापासून फार वाढलेलें असतें, व त्यांना तरुण वयांत हृदयविकाराचे झटके येतात, पण त्यांचीं मूत्रपिंडें मात्र साधारणपणें निकामी होत नाहींत. नुसतें एलडीएल अधिक असणें हेंच जर गाळण्यांचें विष असतें, तर ह्या लोकांची पहिली तक्रार मूत्रपिंडांचीच असायला हवी होती.

दुसरा अर्थ असा कीं, दोन्ही आंकडे तिसऱ्याच कोणाच्या तरी हुकुमानें हलतात. वाढलेला रक्तदाब, मधुमेह, पोटावरील चरबी, तंबाखू हे ते हुकूम सोडणारे. पोटाचा घेर वाढला कीं ट्रायग्लिसराइड चढतें, एचडीएल उतरतें, साखर व रक्तदाब वाढूं लागतात. आणि मूत्रपिंडांच्या नाशाचीं जगांतील दोन मुख्य कारणें मधुमेह व रक्तदाब हींच आहेत. हें आपल्याकडे विशेष लक्षांत घेतलें पाहिजे. भारतांतील व भारतांतून परदेशीं गेलेल्या लोकांत हीच जोडी, म्हणजे उतरलेलें एचडीएल व चढलेलें ट्रायग्लिसराइड, फार आढळते, आणि ती किरकोळ अंगाच्या माणसांतहि असते. एकूण कोलेस्टेरॉल १९० आहे म्हणून निर्धास्त बसलेल्या गृहस्थाचें एचडीएल ३२ असूं शकतें. अमेरिकन डॉक्टरांच्या अभ्यासांत मूत्रपिंडांशीं ज्याचें नातें अधिक घट्ट दिसलें तें एकूण कोलेस्टेरॉलपेक्षां एचडीएलचें. तेव्हां कागदावरील पहिलीच ओळ वाचून कागद मिटून ठेवणें बरोबर नाहीं.

तिसरा अर्थ सर्वांत सूक्ष्म, आणि आमच्या मतें सर्वांत विचार करायला लावणारा. वर सांगितलेली बीजगणिताची फसवणूक आठवा. १९८२ सालीं जे डॉक्टर ‘निरोगी’ म्हणून निवडले गेले, त्यांचें क्रिॲटिनिन मर्यादेंत होतें एवढेंच आपणांस ठाऊक. त्यांपैकीं कांहींच्या गाळण्यांचा वेग तेव्हांच उतरणीला लागलेला नसेल कशावरून? मूत्रपिंडांचें काम मंदावूं लागलें कीं रक्तांतील मेदांची घडी विस्कटते. ट्रायग्लिसराइडचीं गांठोडीं रक्तांत रेंगाळतात, एचडीएल कमी होतें, आणि एलडीएलचा आंकडा पुष्कळदां होता तसाच राहतो. ही तर दुसऱ्या अभ्यासांत दिसलेलीच जोडी! म्हणजे निरोगी माणसांतहि ब्राइटचीच दिशा चालू असेल, मूत्रपिंड आधीं व मेद मागून. फक्त बिघाड इतका लहान कीं तो क्रिॲटिनिनच्या आड दडून राहतो, आणि एचडीएल त्याची चाहूल आधीं देतें. कोण पुढें व कोण मागें, हें केवळ दोन वेळच्या रक्ताच्या नमुन्यांवरून सांगतां येत नाहीं.

कारण कोणतें हें ठरविण्याची एक सरळ कसोटी आहे: संशयित गोष्ट काढून टाकावी व परिणाम थांबतो कीं काय तें पाहावें. कोलेस्टेरॉल उतरविणारीं औषधें हातीं आल्यावर ही कसोटी लावतां आली. मूत्रपिंडांचा जुनाट विकार असलेल्या ९,२७० रोग्यांवर केलेल्या एका मोठ्या प्रयोगाचा निकाल २०११ सालीं प्रसिद्ध झाला. त्यांपैकीं ६,२४७ जणांना अद्याप डायलिसिस लागत नव्हतें. निम्म्या रोग्यांना कोलेस्टेरॉल कमी करणाऱ्या दोन औषधांची जोड दिली, निम्म्यांना नुसती दिखाऊ गोळी. सुमारें पांच वर्षांत, औषध मिळालेल्या रोग्यांत हृदयाच्या व मेंदूच्या धमन्या तुंबण्याचे मोठे प्रसंग शेंकडा १७ नें कमी झाले. हा लाभ थोडाथोडका नव्हे, कारण मूत्रपिंडांचे रोगी पुष्कळदां मूत्रपिंडांनीं मरत नाहींत, हृदयानें मरतात. पण गाळण्यांची उतरण मात्र औषधानें थांबली नाहीं. एलडीएल खालीं आलें, आणि मूत्रपिंडें आपल्या वाटेनें खालीं जात राहिलीं. आजारी मूत्रपिंडांपुरतें तरी एलडीएल हें मुख्य गुन्हेगार नाहीं, असाच ह्याचा अर्थ लागतो. म्हणून डॉक्टरांनीं कोलेस्टेरॉलचें औषध दिलें असेल तर तें ‘माझीं मूत्रपिंडें ह्यानें सुधारत नाहींत’ असें म्हणून बंद करणें चुकीचें. तें हृदयाच्या रक्षणासाठीं दिलेलें आहे. त्याचप्रमाणें तें घेत आहों म्हणून रक्तदाबाकडे दुर्लक्ष करणेंहि चुकीचें.

मूत्रपिंडांना ज्यानें खरोखर आधार मिळतो त्या गोष्टी साध्या आहेत व त्यांचें वर्णन लांबविण्याचें कारण नाहीं. रक्तदाब ताब्यांत ठेवणें, साखर ताब्यांत ठेवणें, तंबाखू सोडणें, लोणचें-पापड व वरून घेतलेलें मीठ कमी करणें, आणि सांधेदुखीच्या गोळ्या महिनेच्या महिने स्वतःच्या मनानें न खाणें. एचडीएल सुधारण्याला रोजचें भरभर चालणें उपयोगी पडतें. वनस्पति तुपाविषयीं मात्र एक शब्द लिहिला पाहिजे. तेल घट्ट करण्याच्या त्या कृतींत जो एक विशिष्ट मेद उत्पन्न होतो तो एलडीएल वाढवितो व एचडीएल घटवितो, म्हणजे दोन्हीं बाजूंनीं नुकसान करतो. भारतांत जानेवारी २०२२ पासून तेलांत व तुपांत त्याचें प्रमाण शेंकडा २ हून अधिक असूं नये असा नियम झाला आहे. पण बाजारांतील तळणीच्या कढईंत तेंच तेल पुन्हां पुन्हां तापविलें जातें, तिकडे नियमाची नजर पोंचणें कठीण.

तपासणीबद्दल पालकांना दोन सूचना कराव्याशा वाटतात. ज्यांना मधुमेह अथवा रक्तदाब आहे, किंवा ज्यांच्या घराण्यांत मूत्रपिंडांचा विकार झालेला आहे, त्यांनीं रक्ताबरोबर सकाळच्या पहिल्या लघवींतील आल्ब्युमिनहि मोजून घ्यावें. ब्राइटच्या चमच्यांत साका धरण्याच्या पुष्कळ आधीं, दर ग्रॅम क्रिॲटिनिनमागें ३० मिलिग्रॅम इतकें थोडें आल्ब्युमिन गळूं लागलें, तरी हल्लींची चांचणी तें दाखवून देते. क्रिॲटिनिन त्या वेळीं बहुधा अगदीं निर्दोष असतें. आणि दुसरें, जुने कागद रद्दींत घालूं नयेत. वयाच्या चाळिशीनंतर गाळण्याचा वेग निरोगी माणसांतहि दर वर्षीं सुमारें एक मिलिलिटरनें उतरत असतो. तो त्याहून झपाट्यानें उतरतो आहे काय, हें एका कागदावरून कळत नाहीं, दोन कागदांवरून कळतें. दहा वर्षांपूर्वींच्या कागदावर क्रिॲटिनिन ०.७ व यंदाच्या कागदावर १.१ असेल, तर दोन्ही आंकडे मर्यादेंतलेच आहेत. पण ७ ला ११ नें भागलें असतां ०.६४ येतात, म्हणजे अंगावरील मांस तितकेंच राहिलें असेल तर गाळण्याचा वेग शंभरावरून चौसष्टावर आला. एवढा भागाकार सहाव्या इयत्तेंतील मुलगाहि करूं शकेल. तो करून दोन्ही कागद डॉक्टरांपुढें ठेवावे.